मामांची पाहणी

मामांना भाजी विकता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पिकवता येत होती, आणि तशी आमच्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. पण विकायला बसले की संपलं. नेरळच्या रस्त्याला शनिवार-रविवारी फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या थांबतात, तिथं आम्ही गटातल्या बायका भाजी घेऊन बसायचो. मामा आमच्या शेजारी गोणपाट अंथरून. गाडीतून बाई उतरणार, गॉगल डोक्यावर सारणार आणि विचारणार, "ऑरगॅनिक आहे ना हे?" आम्ही सगळ्या एका सुरात "हो हो" म्हणायचो, आणि ते खरंच होतं. मामा मात्र म्हणायचे, "भेंडी हाय. काकडीचं मी सांगू शकत नाय. काकडीच्या वरल्या अंगाला पुतण्याचं रान हाय, तो औषध मारतो. वारा सुटला तर माज्यात येतं." बाई काकडी खाली ठेवायची, काकडीच्या जोडीने भेंडीही ठेवायची, आणि मग आमच्या टोपल्यांकडेसुद्धा वेगळ्याच नजरेने बघायला लागायची. मामा शांतपणे तंबाखू मळत बसायचे.

"मामा, कुणी सांगितलं होतं तुम्हाला काकडीची गोष्ट काढायला?" मी एकदा चिडून म्हणाले.

"तिनंच विचारलं ना, बाय. तूच ऐकलंस."

कपाळ माझं!

ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझ्या आईचं माहेर पोशीर, हेही पोशीरचे, आणि आईच्या गावचा प्रत्येक पुरुष तो मामा, या न्यायाने ते माझे मामा. पुढे माझं ऐकून ऐकून सगळा गटच त्यांना मामा म्हणायला लागला, वयाने त्यांच्या बरोबरीचे होते तेसुद्धा. उंच, काटकुळे, कायम खाकी शर्ट. शिकलेले चौथीपर्यंत, पण खिशाला दोन पेनं आणि हातात शाळकरी वही. बायको लवकर गेलेली. मुलगा माथेरानला एका हॉटेलात कामाला, तो गणपतीला तेवढा खाली उतरायचा. त्याचं कारण पुढे सांगते.

त्या हॉटेलवरून दुसऱ्या हॉटेलची गोष्ट आठवली. आमच्याकडे नदीच्या काठाला एक रिसॉर्ट झालं. मालक गोड बोलणारा. त्याने मामांचा फोटो काढला, डोक्यावर भाताचा भारा ठेवून, आणि तो जेवणाच्या हॉलमध्ये हा मोठा करून लावला. खाली लिहिलं, 'आमची भाजी यांच्या शेतातली.' आठवड्याला मामांकडून दोन जुड्या कढीपत्ता आणि पाच-सहा दुधी जायचे, बाकी सगळा माल वाशीच्या टेंपोतून उतरायचा. मामांना हे तिथल्या आचाऱ्याने सांगितलं. मामांनी भांडण केलं नाही. रविवारी दुपारी धुतलेली टोपी घातली, जेवणाच्या हॉलमध्ये गेले आणि एकेका टेबलापाशी थांबून ताटात वाकून बघायला लागले. "ही माजी नाय. ही पण माजी नाय. फ्लावर मी लावतच नाय. हां, या आमटीतला कढीपत्ता माजा." मुंबईची माणसं आधी हसली, मग जेवायची थांबली. फोटोतला म्हातारा आणि हा म्हातारा एकच, म्हटल्यावर मालकाला काही बोलताही येईना. संध्याकाळपर्यंत फोटो उतरला. मामांनी तो मागून घेतला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर पावसाला आडोसा म्हणून ठोकला.

आता आमचा गट. सुरुवातीला आम्ही सात घरं. सेंद्रिय मालाचं चिन्ह हवं तर बाहेरचा तपासणारा माणूस बोलवावा लागतो, ते आमच्या आवाक्यात नाही. म्हणून दुसरी एक पद्धत आहे, गटाने गटाचीच हमी घ्यायची. तीन वर्षं रानात बाहेरचं काही जाऊ द्यायचं नाही, एकमेकांच्या शेताची पाहणी करायची, अर्ज भरायचा आणि खाली सह्या. त्यात एक नियम असा, की कुणाच्या रानात चुकून काही गेलं आणि त्याने ते सांगितलं, तर त्याचं एकट्याचं रान वर्षभर मागे राहतं. लपवलं आणि नंतर उघडं पडलं, तर सगळा गट बाद.

ऐकायला सोपं वाटतं. गावात राहून करून बघा एकदा. ज्याच्या लग्नात तुम्ही पंक्तीला वाढलंय, ज्याने तुमच्या सासऱ्याला खांदा दिलाय, त्याच्या बांधावर उभं राहून "तू खत मारलंयस" असं म्हणायला कुणाची जीभ उचलते? आमच्या पहिल्या वर्षीच्या पाहण्या म्हणजे नुसते पोहे. ओट्यावर बसायचं, लांबून हिरवं दिसतंय ते बघायचं, "झकास आहे हो" म्हणायचं, सही. त्याच वर्षी आम्ही गटाचा तांदूळ भरला तो युरियाच्या रिकाम्या गोणींत, कारण घरोघरी त्याच असतात. पावसात खोळ करून डोक्यावर त्या, गवत आणायला त्या, बसायला त्या. नदीवर धुऊन स्वच्छ केल्या होत्या, कुणाला काही वावगं वाटलं नाही. पनवेलच्या एका बाईने फोटो पाठवला, ताटात आमचा सेंद्रिय तांदूळ आणि मागे गोणीवर पुसट निळी अक्षरं. ही गोष्ट ऐकून मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या वर्षी ते आपण होऊन गटात आले आणि पोहे संपले.

मामा पाहणीला कधी पुढच्या दाराने आले नाहीत. आधी मागे उकिरड्यावर. काठीने सगळा उकिरडा उकरायचे, कसल्या पुड्या, कसल्या बाटल्या, सगळं बाहेर काढून ओळीने मांडायचे. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा एक काळी पुडी घेऊन अंगणात उभे राहिले आणि मोठ्यांदा विचारायला लागले, "हे कसलं औषध गं? कुठल्या पिकावर मारता?" तो सासूबाईंचा कलप होता. आपले केस मुळातच काळे असं त्यांनी गावाला तीस वर्षं सांगितलेलं. शेजारच्या चार बायका ओट्यावर बसलेल्या. त्या दिवसापासून मामांचं नाव निघालं की सासूबाई तोंड फिरवून बसत.

उकिरडा झाला की रान. चपला बांधावर काढून भाताच्या प्रत्येक खाचरात उतरायचे. बांधाला खेकड्याचं बीळ दिसलं की खूश. बाकीची दुनिया खेकड्याला शिव्या देते, कारण तो बांध पोखरतो आणि पाणी पळतं. मामांचा स्वतःचा बांध दर पावसाळ्यात दोनदा फुटायचा. "फुटू दे. जीव हाय म्हणून फुटतो," म्हणायचे, आणि गुडघाभर चिखलात उभं राहून परत लिंपायचे. सही होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. सही झाली की मात्र स्वतःहून चहा मागायचे, आणि साखर दोन चमचे.

त्यांच्या मुलाचं कारण सांगते म्हणाले होते ना. त्याला पहिला पगार मिळाला तेव्हा पोरगा हौसेने बापाच्या शेतासाठी युरियाची एक गोण घेऊन आला. डोक्यावरून, स्टेशनपासून. मामांनी ती दारातूनच परत पाठवली. "ज्या दुकानातून आणलीस तिथं ठेवून ये." तो ठेवून आला आणि परस्पर माथेरानला गेला. पंधरा वर्षं झाली असतील. मला ही गोष्ट आधी मामांची थोरवी वाटायची. नंतर त्या पोराचाही विचार मनात येऊ लागला.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मामा पुरे होत नाहीत, नाहीतर मी सांगितली नसती.

माझे यजमान रसायनीला कंपनीत, शिफ्टची नोकरी. "नवरा रसायनीत आणि बायको सेंद्रिय," असं माझी मोठी जाऊ मला चिडवायची, जेव्हा बोलत होती तेव्हा. मध्ये दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. कारण काय, तर बांध. तिच्या आणि माझ्या रानामधला बांध एका पावसाळ्यात वाहिला आणि परत घालताना तो कुणाच्या अंगात किती सरकला यावरून दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले. भाऊ महिन्याभरात पानटपरीवर एकत्र दिसायला लागले. आम्ही दोघी मात्र गप्प ते गप्पच. सासूबाई सकाळी तिच्याकडे जेवायच्या आणि संध्याकाळी माझ्याकडे, आणि दोन्हीकडे दुसरीचं मीठ जास्त पडतं म्हणून सांगायच्या.

तिसऱ्या वर्षीची लावणी. त्या हंगामानंतर आम्हाला चिन्ह मिळणार होतं. पावसाने माझ्या राबाचा, म्हणजे रोपं तयार करतो त्या वाफ्याचा, एक कोपरा धुऊन नेला होता. त्यामुळे लावता लावता खालच्या अंगाला रोपं कमी पडली. आम्ही रोपांना आवण म्हणतो आणि त्याच्या जुडीला मूठ. सात-आठ बायका चिखलात उभ्या, हात थांबलेले, मी इकडेतिकडे बघतेय. तेवढ्यात माझ्या पायाशी धप्पकन एक मूठ पडली. मग दुसरी. वर बघितलं तर जाऊबाई बांधावर उभी, डोक्यावर आवणाचा भारा, आणि एकेक मूठ माझ्या रानात फेकतेय. शेवटची मूठ टाकली आणि म्हणाली, "बघतेस काय, लाव की गं. वाळतील."

लावणीला आवण कमी पडलं तर शेजाऱ्याने उरलेलं द्यायचं, आणि दिलेल्या आवणाला नको म्हणायचं नाही. ही आमच्याकडची रीत बापजाद्यांपासूनची. दुष्मनाच्या रानातसुद्धा लोक मूठ टाकतात. आणि ही तर माझी जाऊ, दोन वर्षांनी तोंड उघडून माझ्याशी बोललेली. तिचं बी दुकानातलं होतं आणि तिच्या राबाला युरिया घातला होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी वाकले आणि लावायला लागले. खरं सांगते, त्या क्षणी मला इतकं बरं वाटत होतं की सेंद्रिय-बिंद्रिय काही आठवलंच नाही. आठवलं ते संध्याकाळी पाय धुताना, आणि मग मी ठरवलं की गप्प बसायचं. गटात कळवलं असतं तर अर्जावर लिहावं लागलं असतं, 'जावेने दिलेली रोपं अयोग्य.' मग पुन्हा दोन वर्षं अबोला, की दहा?

श्रावणात मामा पाहणीला आले. गटाने माझं रान त्यांनाच दिलं होतं. उकिरडा झाला, वरची खाचरं झाली. खालच्या पट्ट्याशी येऊन थांबले. बाकीचं माझं गावठी भात पोपटी आणि जरा लोळणारं, आणि हा पट्टा काळा हिरवा, ताठ.

"हे इथं असं का गं?"

"उन्हाळ्यात शेणखताचा ढीग होता तिथं." माझं मलाच नवल वाटलं, किती पटकन आलं तोंडात.

"बरं," म्हणाले. एक पान तोडलं, बोटांत चुरगळलं, टाकून दिलं. अर्ज पुढे केला तर म्हणाले, "आज पेन चालत नाय." खिशाला दोन पेनं.

दुसऱ्या दिवशी परत हजर. त्याच पट्ट्याच्या बांधावर बसले तासभर आणि गेले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी धो धो पाऊस, तर पाठीवर इरलं घेऊन बसले. जाऊबाईने तिच्या रानातून हाक मारली, "मामा, काय बघताय हो एवढं?"

"भात बघतोय," म्हणाले.

आता बोलतील, आता बोलतील. नाही बोलले. पाचव्या दिवशी मी चहा घेऊन बांधावर गेले. घेणार नाहीत हे माहीत होतं, तरी गेले. कपाकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. मी तिथंच फतकल मारून बसले आणि सांगून टाकलं. मुठी जाऊबाईच्या, राबाला युरिया, सगळं.

"ते पहिल्या दिवशीच कळलं मला," मामा म्हणाले. "हे बी तुज्या घरचं नाय. आंधळा पण सांगंल."

"मग बोलला का नाहीत? पाच दिवस माझा जीव खाल्लात!"

"मी बोललो असतो तर तू चोर झाली असतीस, बाय. म्हणून बसून राह्यलो. आता लिही."

"नाही लिहिणार."

"मंग मी सही करीत नाय."

मी पुन्हा सांगितलं. दोन वर्षांनी माणूस बोलायला लागलंय, हे लिहिलं तर तिचा उपकार विष ठरतो, मला भातापेक्षा माझी जाऊ मोठी आहे. मामा ऐकत होते आणि पट्ट्याकडे बघत होते. त्या बघण्याचाच मला राग आला. तोंडातून गेलं, "तुम्हाला माणसं नकोच आहेत मामा, नुसतं भात पाहिजे. म्हणून तर तुमचा पोरगा घरी येत नाही."

म्हातारा काठीला धरून उठला, चपला हातात घेतल्या. "उद्या बैठक हाय," म्हणाले आणि बांधाबांधाने निघून गेले. माझी मला शरम वाटली. पण राग तरीही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात बैठक. आत पाऊल टाकलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. खांबाला टेकून जाऊबाई बसलेली. ती गटात नव्हती, तिचं तिथं कामच नव्हतं. मामा आदल्या संध्याकाळी तिच्या घरी गेले होते, हे मला नंतर कळलं.

माझ्या रानाची पाळी आल्यावर मामा वही उघडून उभे राहिले. वाचलं नाही, तोंडीच सांगितलं. "रान बघितलं. वरची खाचरं चोख हायत. खालच्या पट्ट्यात बाहेरचं आवण हाय, खत घातलेलं. आवण कमी पडलं, शेजारणीनं दिलं, हिनं घेतलं. मी असतो तर मी पण घेतलं असतं. पण सांगायचं राह्यलं. ते आता हिनं सांगितलंय." आणि खाली बसले.

मी मान खाली घातलेली. मग जाऊबाईचा आवाज आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. साध्या आवाजात बोलली.

"मी मुठी टाकल्या त्या भर दुपारी, आठ बायकांच्या देखत. तू त्या लपवून ठेवल्यास. मी काय चोरून दिल्या होत्या का तुला?"

"वयनी, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

"खत घातलं होतं मी राबाला. घालतेच. त्यात लाज कसली? विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मला वाईट वाटेल म्हणे. आणि हे काय वाटतंय मग आता?"

पदर सारखा करून ती निघून गेली. अर्ज मी तिथंच भरला. त्या वर्षी सहा घरांना चिन्ह मिळालं, माझं रान वर्षभर मागे राहिलं. त्याचं मला तेवढं काही वाटलं नाही. जाऊबाई बोलेनाशी झाली त्याचं वाटलं.

चार दिवसांनी मी पोशीरला मामांच्या घरी गेले, माफी मागायला. खरं तर निम्मी माफी मागायला आणि निम्मी भांडायला. मामा ओट्यावर बियाणं निवडत बसले होते. मी म्हटलं, पोराबद्दल तसं बोलायला नको होतं मी.

"खोटं कुठं बोललीस," म्हणाले. "येत नाय तो. गोण परत पाठवली ते बरोबर केलं. त्याला आत घेऊन, जेवू घालून मंग पाठवायची होती. दारातनंच धाडला मी." दाणे निवडणारा हात जरा थांबला. "म्हणून तर तिच्याकडं गेलो. तुज्या जावेकडं. नुसतं अर्जावर लिहून तुला दारात उभी ठेवायची नव्हती."

"पण ती बोलत नाही हो मामा."

"बोलंल. खरं ऐकून रुसलेलं माणूस परत येतं गं. उशीर लागतो."

मला तेव्हा पटलं नाही. तरी मी तिथं जेवले. मामांनीच भात वाढला, लालसर, जाड, आणि वर कुळथाची आमटी. पोराचा फोन नंबर माझ्याकडून मोबाईलमध्ये मोठ्या अक्षरात घालून घेतला. लावला की नाही, ते मी विचारलं नाही. पण त्या वर्षी दिवाळीलासुद्धा तो खाली आला होता, हे मी डोळ्यांनी बघितलं.

कापणीला मी तो पट्टा शेवटाला ठेवला. एकटीच कापत होते. पलीकडे सळसळ झाली म्हणून बघितलं तर जाऊबाई विळा घेऊन वाकलेली, दुसऱ्या टोकाकडून कापत येतेय. अर्ध्यात भेटलो. तिने पाठ सरळ केली आणि विचारलं, "तुमच्या त्या गटात यायचं तर माझ्या रानाला किती वर्षं लागतील?"

"तीन."

"तुझं मीठ जास्तच पडतं, सासूबाई म्हणतात ते खोटं नाही," असं काहीतरी भलतंच बोलली आणि पुन्हा वाकली. मी हसत होते आणि रडतही होते.

तिच्या रानाच्या पहिल्या दोन वर्षांच्या पाहण्या मामांनी केल्या. तिचा उकिरडा त्यांनी माझ्यापेक्षा जास्त उकरला आणि तिने त्यांना माझ्यापेक्षा जास्त शिव्या घातल्या. मग पौषात एका दुपारी मामा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलगा त्या दिवशी घरी होता. आमच्या गटातल्या सगळ्या घरांनी चूल बंद ठेवली. सासूबाईसुद्धा जाऊन बसून आल्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढून.

तिसऱ्या वर्षी गटाने जाऊबाईचं रान पाहणीला मला दिलं. मी नको म्हणत होते, पण बाकी कुणी तयार होईना. सकाळी नऊला सुरू केलं, दुपार झाली. रान खरोखर चोख होतं. खोटं काढायचं म्हटलं तरी निघालं नसतं. मी अर्ज काढला, पेन उघडलं, आणि मनातून गुळाच्या पोळ्यांचा बेतसुद्धा करून टाकला.

"थांब," जाऊबाई म्हणाली आणि मला वरच्या कोपऱ्यात घेऊन गेली. "मागच्या पंधरवड्यात वरच्या बंगल्यावाल्याच्या माळ्यानं लॉनला काहीतरी मारलं. त्याच दिवशी पाऊस आला. सगळं पाणी इथनं माझ्यात उतरलं. पांढरा फेस होता. ही तीन खाचरं. लिही."

मी वाकून बघितलं. काही नव्हतं. पाणी नितळ, भात पोपटी.

"वयनी, आता काही दिसत नाहीये. वाहून गेलं असेल सगळं."

"दिसत नाय, ते मलाही कळतं."

"तीन वर्षं झाली तुम्हाला. एवढ्यावरून अख्खं रान मागे राहील. बंगल्यावाल्याची चूक आणि शिक्षा तुम्हाला. कोण बघायला येतंय?" हे मी म्हणाले. मीच. सगळं होऊन गेल्यावरसुद्धा.

जाऊबाईने माझ्याकडे नीट बघितलं. "मग तू आलीस कशाला?" म्हणाली.

मी बांधावर बसले, अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि ती सांगत गेली तसं लिहीत गेले. झाल्यावर तिने कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. सही न करताच परत दिला. तीन खाचरं म्हणाली होती, मी दोनच लिहिली होती. मी ती खोडून तीन केली, आणि मग तिने सही केली.